आजींना कुणी विचारलं का?

कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोर हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून भाऊसिंगजी रोडला गाडी लावायला जागा मिळाली तर देवच पावला म्हणायचं. त्या दिवशी करवीर तालुक्यातलं ते कुटुंब माझ्या वकिलीच्या ऑफिसात आलं तेही दोन हप्त्यांत. आधी आबा, आजी आणि त्यांची लेक, म्हणजे सगळ्यांच्या आक्का. मग लांब कुठंतरी गाडी लावून घामाघूम झालेले दोन्ही मुलगे, थोरल्यांचा मुलगा, नातसून आणि तिच्या कडेवरची पोरगी. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील सांगत नाही.

आबा पंधरवड्यापूर्वी चक्कर येऊन पडले होते. उसाला तोड लागायच्या आत कागदपत्रं उरकून घ्यायची, असं घरात ठरलेलं. थोरल्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "मॅडम, आबांचं मृत्युपत्र करायचं. आम्हा दोघा भावांत निम्मं निम्मं. आणि आक्काचं हक्कसोडपत्र. त्याचा मसुदा टाईप करूनच आणलाय."

मी सातबारे काढले. एक गट आबांनी स्वतः खरेदी केलेला, खरेदीखत सोबत होतं. दुसऱ्या, मोठ्या गटावर आबांच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' अशी नोंद. एकत्र कुटुंब मॅनेजर. गावाकडं ही तीन अक्षरं कुणी वाचत नाही आणि वाचली तरी मॅनेजर म्हणजे मालक असंच धरून चालतात. ही जमीन वाडवडिलांची होती. त्यातला फक्त स्वतःचा हिस्सा आबा मृत्युपत्रानं देऊ शकतात, सगळा गट नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानंच मुलाइतकी हिस्सेदार आहे. 2005 मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे आक्का माहेरी साडीचोळीपुरत्या आलेल्या पाहुण्या नव्हत्या, सातबाऱ्यावर नाव नसलं तरी.

"म्हणूनच हक्कसोड आणलंय की," थोरले म्हणाले. माणूस वाईट नव्हता. आक्कांचं लग्न, दोन बाळंतपणं, भाचीचं शिक्षण यांत त्यांनी खरोखर हात मोकळा सोडला होता. त्यांच्या हिशेबानं फिटंफाट झाली होती. असा हिशेब मी रोज ऐकते. बहिणींना तो मान्य आहे का, हे मात्र बहुतेक वेळा सही करायच्या टेबलावरच कळतं.

धाकट्यांचं म्हणणं आणखी वेगळं. मृत्युपत्राच्या भानगडीत कशाला पडायचं, बक्षीसपत्रच करू. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस द्यायची तर आपल्याकडं मुद्रांक 200 रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. स्वस्तातलं काम. पण आबा, मी म्हटलं, मृत्युपत्र तुम्ही उद्या फाडून दुसरं करू शकता. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की तुमच्या हातात काही उरत नाही. सांभाळ करण्याची अट कागदावर असेल आणि ती पाळली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली दाद मागता येते. पण ऐंशी पार केलेल्या माणसानं प्रांत कचेरीचे हेलपाटे घालावेत, ही काही योजना झाली नाही.

आबा हूं की चूं करत नव्हते. तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, "आबांच्या माघारी आजी कुठं राहणार?"

"आमच्याकडंच की!" दोघं भाऊ एकदमच बोलले.

आजी आत्तापर्यंत पणतीला बिस्कीट भरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोघांकडं? म्हंजे सहा म्हैनं हिकडं, सहा म्हैनं तिकडं? त्यापरास माझी मी वेगळी चूल मांडीन."

धाकट्यांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. पण आजींनी जे सांगायला सुरुवात केली ते इतकं तयार होतं की मनात कधीचंच लिहून ठेवलेलं असणार. सोप्याची खोली त्यांची. स्वयंपाकघरातली उजवीकडची कट्ट्याची बाजू त्यांची. परसातली मोरी रात्री कुणी बाहेरून कडी लावायची नाही. आणि खरेदीच्या गटातल्या ऊस बिलातला चौथा हिस्सा त्यांच्या खात्यावर, "कुणाला मागाय लावू नका, औषधाला बी न्हाई." मोरीच्या कडीला काहीतरी घडलेलं असावं. धाकट्या मुलानं खाली बघितलं. मी विचारलं नाही.

मी लिहून घेत गेले आणि एक गोष्ट मुलांच्या कानावर घालणं भाग होतं. बायकोला हयातीपुरता हक्क द्यायचा आणि तिच्यामागं मुलांना, अशी रचना आपल्याकडं सर्रास करतात. पण पोटगीच्या हक्कापोटी दिलेली अशी मर्यादित मालकी हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 नुसार पूर्ण मालकी ठरू शकते. तुळसम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये तेच सांगितलं, आणि कोणता हक्क पोटगीचा अन् कोणता नाही, यावर आजही वर्षानुवर्षं भांडणं चालतात. थोरले खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे घर आईच्या नावावर जाईल?"

आबा तेवढ्यात पहिल्यांदा बोलले. "जाऊ दे की. भिंती तिनंच लिंपल्यात."

मग घराचा सोपा आणि स्वयंपाकघर पूर्ण मालकीनं आजींना, उरलेलं घर दोन्ही मुलांना, असा मसुदा ठरला. आजींनी लगोलग विचारलं, मग त्यांचा कोल्हापुरी साज आणि पाटल्या कुणाला, हेही त्यांना लिहिता येईल का? येईल की, त्यांचं वेगळं मृत्युपत्र होईल. पण ते ऐकूनही आजींनी दोन्ही सुनांपैकी कुणाचंच नाव घेतलं नाही. "मग सांगीन," म्हणाल्या. हुशार बाई.

नातू दाराशी उभा राहून मोबाईलवर होता. म्हाताऱ्यांचं काम, आपला काय संबंध, असा आविर्भाव. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत नोकरी, उजळाईवाडीला कर्जावरचा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर. मी त्याला आत बसवलं. खरं सांगायचं तर त्या सगळ्यांत मला काळजी वाटली ती ह्याची. आबांच्या मागं भांडायला निदान सज्ञान माणसं आहेत.

"तुला उद्या काही झालं तर फ्लॅट कुणाचा?"

"हिचा."

नाही. मृत्युपत्र नसलं तर बायको, मुलगी आणि आई, तिघींचा सारखा. थोरले चपापले. "आणि मी?"

बाप पहिल्या वर्गाच्या वारसांत नसतोच. ऑफिसात हशा पिकला, आक्का तर डोळ्याला पदर लावून हसल्या. नातसून मात्र हसली नाही. तिनं विचारलं, फ्लॅट विकायचा झाला तर? मुलीचा हिस्सा अज्ञान मुलीचा, तो विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागेल आणि सासूबाईंची सही लागेल. विम्याच्या पॉलिसीवर नॉमिनी आई, लग्नाआधी लावलेली. पीएफचा फॉर्म लग्नानंतर नव्यानं भरायचा असतो, तोही राहिलेला. मृत्युपत्र आणि त्यात दोघांच्या माघारी मुलीचा पालक कोण, एवढं दोन पानांत होतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांसमोर सही झाली की पुरे. वादाची शक्यता असेल तिथं मी नोंदणी करायलाच सांगते. आबांच्या बाबतीत तर डॉक्टरांचा दाखलाही.

साक्षीदार म्हणून आबांनी तालमीतल्या दोन जोडीदारांची नावं दिली. दोघंही आबांच्याच वयाचे. साक्षीदार आपल्या मागं कोर्टात उभा राहणारा पाहिजे, असं समजावलं तर आबा म्हणाले, "तो माझ्या आधी जाईल म्हंता? लावा पैज." शेवटी डॉक्टर आणि गावातले एक तरुण शिक्षक ठरले.

निघताना थोरल्यांनी हक्कसोडाचा मसुदा पुन्हा पुढं सरकवला. आक्कांनी तो वाचला, सगळा. "सही करतो की दादा. पण आईचा कागद रजिस्टर हू दे, मग."

आबांचं मृत्युपत्र नोंदवून झालं. परवा थोरल्यांचा फोन आला, हक्कसोडाचं काय करायचं? आक्कांना विचारा, म्हटलं.

"आक्का म्हणतीया, आई म्हणल तसं. आणि आई म्हणतीया, बघू."