कमरेचा पेशंट

तीन आठवडे मी काकांच्या कमरेवर मेहनत घेतली. शेक, ट्रॅक्शन, व्यायाम, सगळं. चिठ्ठीवर सायटिका, म्हणजे कमरेत नस दबून पायात जाणारी कळ, असं लिहिलेलं, एमआरआयमध्ये मणक्यांची झीज (साठीनंतर कुणाची दिसत नाही?), म्हणून मीही पुढे काही पाहिलं नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये संध्याकाळी गर्दी असते, पण ती काही सबब नाही.

त्या दिवशी काका कुरकुरले, "मॅडम, गडकरी रंगायतनपासून निघालो की कोपिनेश्वर येईपर्यंत दोनदा थांबतो. पोटरीत गोळा येतो."

"थांबल्यावर कुठे टेकता का?" मी सहज विचारलं.

"टेकतो कशाला? मोबाइल बघत उभा राहतो. दोन मिनिटांत मोकळं."

माझा हात थांबला. मणक्यात नस दबली असेल तर बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो. नुसतं उभं राहून बरं वाटत असेल, तर पोटरीला रक्तच कमी पडत असावं.

मोजे काढायला लावले. डाव्या पावलावर नाडी लगेच लागली. उजव्यावर काहीतरी ठकठक जाणवली, पण ती माझ्याच बोटांची निघाली. घोट्यामागेही काही नाही. नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत. त्यावर काकू म्हणाल्या, "पाय गार पडतो ना, म्हणून रोज रात्री गरम पाण्याची पिशवी ठेवते." मधुमेहाच्या, रक्त कमी असलेल्या पायावर! चटका बसला तरी त्यांना कळलं नसतं आणि जखम भरलीही नसती. पिशवी आधी बंद करायला सांगितली, मग व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जनना फोन केला.

दंडावर वरचं प्रेशर १५०, उजव्या घोट्याला ९६. भागाकार ०.६४. ०.९च्या खाली गेलं की रक्तवाहिनी अरुंद झाली असं धरतात. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत अडथळा मांडीत दिसला.

काकांचा हट्ट एकच, "फुगा घालून मोकळं करा. माझ्या मेव्हण्याच्या हृदयाचं केलं तसं." गंमत म्हणजे आतून रक्तवाहिनी उघडण्याची सुरुवात हृदयात नाही, पायातच झाली. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंचा पाय तसा वाचवला. पण सर्जन घाई करेनात. बसल्या जागी दुखत नाही, जखम नाही, तर फुगा हाताशी राहू दे, म्हणाले. अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आणि हृदयाचं पंपिंग तपासून सिलोस्टॅझोल ही जास्त चालता यावं म्हणून द्यायची गोळी, कारण हार्ट फेल्युअरमध्ये ती चालत नाही. वागळे इस्टेटच्या नोकरीपासूनची विडी बंद.

आणि चालणं. ते माझ्याकडे आलं. आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा. "दुखतंय तरी चालू?" काका माझ्याकडे संशयाने बघत. तीन आठवडे कमरेला शेक देणाऱ्या बाईवर विश्वास तरी का ठेवावा!

विडी दोनदा परत सुरू झाली. दुसऱ्यांदा काकूंनीच पकडली.

बारा आठवड्यांनी काका तलावपाळीची अख्खी फेरी न थांबता मारून आले. घोट्याचं प्रेशर पुन्हा मोजलं तर भागाकार ०.६६.

"म्हणजे रक्ताची नस उघडलीच नाही?"

"नाही काका. आहे त्या रक्तात स्नायू जास्त काम करायला शिकले."

त्यांना ते फारसं पटलं नाही. काकूंना म्हणाले, "चल, जांभळी नाक्यावरून भाजी घेऊ," आणि त्यांच्या पुढे निघाले.