पैसे पोचतात कशावरून?

सुदानच्या युद्धात उपाशी लोकांना जेवू घालणाऱ्या मोहल्ल्यातल्या मदतगटांचा विषय निघाला की मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातो. विचारणारी माणसं भली असतात, काहीतरी द्यायचं त्यांच्या मनात असतं. दुबईतला भाचा, न्यू जर्सीत असलेली शाळेतली मैत्रीण, सोसायटीतले निवृत्त बँकवाले काका. "अहो, तिथे मोठमोठ्या संस्थांचे ट्रक अडकून पडतात म्हणे. मग हे गल्लीतले तरुण काय करणार? आणि त्यांना दिलेले पैसे पोचतात कशावरून?" तुम्हीही परवा हेच विचारलंत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मलाच विचारतात याला कारण आहे. पुण्यात कितीतरी वर्षं सुदानी विद्यार्थी शिकायला येतात, आणि आमच्या वरच्या मजल्यावर त्यांच्यातली मुलं भाड्यानं राहायची. सुट्टीच्या सकाळी ती 'फूल' नावाची सुदानी उसळ करायची. जाड तपकिरी दाणे रात्रभर मंद आचेवर शिजवत ठेवायचे आणि सकाळी काचेच्या बाटलीच्या बुडानं पातेल्यातच ठेचायचे. वर तिळाचं तेल, कांदा, मीठ. सगळ्यांचे हात एकाच ताटात, आणि जिन्यात पाऊल वाजलं की "आंटी, या जेवायला" अशी हाक. त्यातला एक जण शिक्षण संपवून राजधानी खार्तूमला लागूनच असलेल्या ओमदुरमानला परत गेला. युद्ध सुरू झाल्यापासून तो त्याच्या मोहल्ल्यातल्या मदतगटात आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथे नाव फुटणं जिवावर बेतू शकतं.

15 एप्रिल 2023 रोजी खार्तूममध्ये सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलं. आपल्या सरकारनं 'ऑपरेशन कावेरी'तून साडेतीन हजारांहून अधिक भारतीयांना बाहेर काढलं, दूतावास रिकामे झाले, परदेशी संस्थांचे कर्मचारीही निघून गेले. मागे राहिले ते तिथलेच लोक. खार्तूमजवळच्या बहरीतलं जलशुद्धीकरण केंद्र पहिल्याच दिवसांत बंद पडलं, भर उन्हाळ्यात नळ कोरडे झाले. पाणी कुठे मिळेल, कुठल्या रस्त्यावर गोळीबार नाही, कुठला दवाखाना उघडा आहे, हे मोहल्ल्यातली मुलं एकमेकांना कळवू लागली. तिथून हे गट उभे राहिले. त्यांना 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम' म्हणतात. रूम म्हणजे बहुतेक ठिकाणी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एखाद्या घराचं अंगण.

पण ही मुलं अचानक गोळा झालेली नव्हती. 2018 च्या डिसेंबरात तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर याच्याविरुद्ध आंदोलन पेटलं, तेव्हाच मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या झाल्या होत्या. कोण भरवशाचं, कोणाकडे गाडी, कोण नर्स, कोणाचं किराणा दुकान, हे त्यांना घरोघर माहीत होतं. शिवाय 'नफीर'ची जुनी रीत आहेच: कुणाचं घर बांधायचं असो की कापणी असो, हाक दिली की गाव जमा होतं. आपल्याकडे गल्लीतलं मंडळ जसं कोणत्या घरात आजारी माणूस आहे हे न विचारता सांगेल, तशी ही माणसं.

पैसे पोचतात कशावरून, याचं उत्तर इथेच सुरू होतं. मोहल्ल्याची रूम आधी याद्या करते: किती कुटुंबं विस्थापित होऊन शाळेत उतरली आहेत, किती लहान मुलं, बाजारात आज डाळीचा भाव काय. ही मागणी तालुक्यासारख्या पातळीवरच्या रूमकडे जाते, तिथून राज्याच्या रूमकडे, आणि राज्यांचा मिळून एक समन्वय आहे. एकाच शाळेला दोघांनी धान्य दिलं आणि शेजारची उपाशी राहिली, असं होऊ नये म्हणून ही उतरंड. पैसे येतात ते बहुतेक 'बनकक' या बँक ऑफ खार्तूमच्या मोबाइल अ‍ॅपवरून. देशात रोकड मिळेनाशी झाली, पण फोनवर रक्कम आली की दुकानदार पोतं देतो.

एकदा ओमदुरमानच्या त्या मुलानं मला खरेदीच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. 'फूल'चे दाणे, मसूर, तेल, कांदे, मीठ, कोळसा, पाण्याचं पिंप आणणाऱ्या गाढवगाडीवाल्याची मजुरी. प्रत्येक ओळीपुढे रक्कम, खाली दुकानदाराची सही, आणि तळाशी मागची उधारी किती फिटली आणि किती उरली. ते पान कुणा हिशेबनिसासाठी लिहिलेलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावायला लिहिलं होतं. वाडगा घेऊन रांगेत उभी असलेली बाई ते वाचू शकते, आणि कोळशाचा भाव तिलाही ठाऊक असतो. तिथे कुणी दोन पोती पळवली तर संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याला कळेल, आणि त्याला त्याच गल्लीत राहायचंय. माझ्या मते याहून कडक तपासणी कुठल्याही कार्यालयात होत नाही.

या सार्वजनिक स्वयंपाकघरांना तिथे 'तकाया' म्हणतात. सूफी दर्ग्यांवर येईल त्याला जेवू घालण्याची जी परंपरा आहे, तिच्यातलंच हे नाव. मोठ्या संस्थांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्याकडे गहू आहे, औषधं आहेत, ट्रक आहेत. पण त्यांना परवाना लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे बंदूकवाले ठरवतात. चाडच्या सीमेवरचा अद्रेचा रस्ता 2024 च्या फेब्रुवारीत बंद केला, तो ऑगस्टमध्ये उघडला. पश्चिमेकडच्या दारफूर प्रांतातल्या भुकेल्या माणसांनी तेवढे महिने काय करायचं? त्याच ऑगस्टमध्ये दारफूरमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ अधिकृतपणे मान्य झाला.

हे गट कोलमडतातही, आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं. 2024 च्या फेब्रुवारीत देशभर फोन आणि इंटरनेट बंद पडलं, बनकक चालेना, खार्तूममधल्या शेकडो चुली विझल्या. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत एकाएकी थांबवली, तेव्हा हजाराहून अधिक स्वयंपाकघरं बंद पडली. स्वयंसेवक तेच, मोठी पातेली तीच, रांग तीच. आत टाकायला काही नव्हतं. दुकानदारांनी काही दिवस उधारीवर दिलं. दुकानदारही शेवटी त्याच मोहल्ल्यातला, त्याच्या मागेही घर आहे.

दारफूरमधल्या एल-फाशर शहराचं मला लिहवत नाही, तरी लिहिते. दीड वर्षाच्या वेढ्यात तिथल्या तकायांकडे धान्य संपलं, तेव्हा त्यांनी 'अंबाज' शिजवलं. अंबाज म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड. आपल्या घरी गोठा असेल तर पेंड काय असते हे सांगायला नको. लहान मुलांना ती खाऊ घालावी लागली, आणि तीही वाटून वाटून. 26 ऑक्टोबर 2025 ला शहर आरएसएफच्या हाती पडलं. जे निसटले ते जवळच्या तविला गावाच्या वाटेला लागले, आणि त्यांच्यासाठी तिथे चुली मांडणारे पुन्हा स्थानिकच होते. त्यांच्यातले बरेच स्वतः आधी कुठून तरी उठून आलेले.

बायकांच्या वेगळ्या रूम आहेत, हेही सांगायला हवं. पुरुषांच्या यादीत डाळ येते, सॅनिटरी पॅड येत नाहीत, आणि जिच्यावर अत्याचार झाला ती त्या रांगेत उभं राहून कुणाला काय सांगणार? त्या बायका एकमेकींच्या घरी जाऊन हे काम करतात.

दोन्ही बाजूंना या सगळ्यांचा संशय येतो. एक म्हणतं तुम्ही त्यांना जेवू घालता, दुसरंही तेच म्हणतं. स्वयंसेवकांना पकडलं आहे, मारलं आहे. 2025 मध्ये राइट लाइव्हलीहूड आणि राफ्टो हे दोन्ही आंतरराष्ट्रीय पुरस्कार या रूम्सना मिळाले, मला फार आनंद झाला. पण पुरस्कारानं अटक टळत नाही. म्हणून लाभार्थींचे फोटो मागू नका, कुठल्या गल्लीत चूल आहे हे सोशल मीडियावर टाकू नका.

2016 साली इस्तंबूलच्या परिषदेत जगातल्या मोठ्या देणगीदारांनी एक चतुर्थांश पैसा स्थानिकांकडे शक्य तितका थेट देण्याचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात एकूण मदतीतला स्थानिकांना थेट मिळणारा वाटा त्याच्या जवळपासही गेला नाही. हिशेब मागायचाच तर तो आधी या देणगीदारांकडे मागायला हवा.

आता तुमच्यापुरतं. जुने कपडे गोळा करू नका. परदेशात असाल, तर या रूम्सना थेट पैसे देणाऱ्या नोंदणीकृत संस्था आहेत; त्यांना विचारा की रूमपर्यंत किती पोचतं आणि किती दिवसांत. भारतातून द्यायचं असेल तर नियम वेगळे आहेत, आधी आपल्या बँकेत चौकशी करा. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा थोडी द्या, पण दर महिन्याला द्या आणि ती कशावर खर्च करायची याच्या अटी घालू नका. या महिन्यात डाळ लागेल, पुढच्या महिन्यात कदाचित आजारी बाईला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचं डिझेल लागेल. ते त्यांना ठरवू द्या.