आधी पाय टेकायचा, मग विचारायचं

दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलं, की लगेच चढ लागतो. सागरी मार्गाने सायकल चालवताना हे दिवसभर चालतं: खाडी आली की उतार, खाडी ओलांडली की छातीवर येणारा चढ. डिसेंबरात मैत्रीण आणि मी दापोलीहून गणपतीपुळ्याला निघालो होतो.

दुसऱ्याच वळणावर एक मुलगा सायकल उलटी करून बसला होता. आम्हाला बघून त्याने 'जावा पुढं' असा हात केला.

"काही लागतंय का रे?"

"नाय ताई, होतंय की."

हे उत्तर मला नवीन नाही. एकदा खंबाटकी घाटात ट्यूब फाटली तेव्हा चालत्या सायकलवरून "ठीक ना?" विचारत गेलेल्या तिघांना मी "हो, हो" म्हणाले होते आणि मग घाट उतरेपर्यंत सायकल ढकलत गेले होते. चढावर लागलेली दुसऱ्याची लय आपल्यासाठी मोडू नये, असं अडकलेल्याला वाटतं. म्हणून आता मी आधी पाय टेकते, हेल्मेट काढते, मग विचारते. हेल्मेट काढलेल्या माणसाला 'जा' म्हणणं जड जातं.

मुलगा कोल्हापूरचा. चढावर उभं राहून जोर लावत असतानाच गिअर बदलला आणि चेन तुटली. कोकणात चेन तुटते ती बहुतेक वेळा अशीच. बाइंडिंगच्या तारेने त्याने ती बांधून पाहिली होती, हात कोपरापर्यंत काळे. माझ्या पाउचमध्ये क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायच्या सुट्या कड्या, असतात: ९ आणि १० स्पीडच्या, म्हणजे मागे तितक्या चकत्या असलेल्या सायकलींच्या. चेनची रुंदी वेगळी असल्यामुळे एकीची दुसरीला चालत नाही. त्याची ९ ची निघाली.

चेन टूलने वाकडी कडी काढली. त्याच्याच तारेचा आकडा करून दोन्ही टोकं जवळ धरली, लिंक अडकवली, ती वरच्या बाजूला आणली. मग सायकल सरळ करून मागचा ब्रेक दाबला आणि त्याला पेडलवर जोर द्यायला सांगितलं. टक्‌! तो आवाज ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्यासाठी मी वर्षभर ती लिंक वाहून नेईन. चेन आता थोडी आखूड झाली होती, तेव्हा पुढे-मागे दोन्हीकडे मोठी चकती एकदम लावू नकोस, एवढं बजावलं. आणि त्याला तिथेच सोडून निघालो नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, पोचेपर्यंत मागोमाग राहिलो. दुरुस्ती टिकली का, हे पहिल्या चढावरच कळतं.

गुहागरला व्याडेश्वराच्या देवळाजवळ पोटभर खाणं झालं. मग हेदवीच्या अलीकडे एक जोडपं. रस्त्याच्या कडेच्या धारदार जांभ्याने टायरची बाजू चिरली होती. नवी ट्यूब टाकली की ती चिरेतून फुगून बाहेर यायची. अशा वेळी दहाची नोट कामाला येते. आपल्या नोटांचा कागद कापसाचा, घामाने-पाण्याने लगेच फाटत नाही. चारपदरी घडी करून चिरेच्या आतून लावली. टायर धरायला कोल्हापूरकर न सांगता बसला होता. हवा नेहमीपेक्षा कमी भरली. गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर अशा सायकलींच्या बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही, म्हणून जवळचा पितळी अडॅप्टरही त्यांना देऊन टाकला. कुठेही मिळतो, पण नेमका तिथे मिळत नाही.

तवसाळच्या जेट्टीवर पाचही सायकली एकाच फेरीत चढल्या. मुलगा खाडीच्या वाऱ्यात उभा राहून नखातलं ग्रीस काढत होता.

"ताई, ती लिंक परत कशी देऊ?"

"चेनमध्येच राहू दे."

जयगडचा चढ तो आमच्या पुढे चढला. प्रत्येक वळणावर पाय टेकून मागे बघत होता, त्या जोडप्याचं चाक दिसेपर्यंत.