डोक्यातलं बिऱ्हाड

शाळा सुरू झाल्या की पंधरवड्यात घरोघरी बारीक दातांची फणी बाहेर पडते. पोरीला गुडघ्यांत दाबून बसवायचं, मान खाली घालायला लावायची आणि सापडेल ती ऊ दोन नखांमध्ये टचकन. आपला तिचा संबंध एवढाच. मला मात्र हल्ली या बिऱ्हाडाचं कौतुक वाटायला लागलंय. (घरात हे मोठ्याने बोलायची सोय नाही.)

ऊ उडत नाही, उड्याही मारत नाही. केस धरून चालणं, एवढीच तिची विद्या. पायाच्या टोकाची नखी आपल्या केसाच्या जाडीला बेतून केल्यासारखी. कुत्र्यामांजरावर ती जगत नाही. उशीवर पडली, तर दीड-दोन दिवसांत उपाशी मरते. नुसत्या रक्तावर जगायचं तर ब जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून ते करून देणारे जिवाणू तिने पोटात पाळलेत. म्हणजे पोटभाडेकरूही आलेच. २०१० मध्ये अंगावरच्या उवेचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, वाचला गेला, तेव्हा जनुकं निघाली जेमतेम पावणेअकरा हजार. वास ओळखणारी, विष पचवणारी बरीच जनुकं गळून गेलेली. ताटात जन्मभर एकच पदार्थ, तर नाकाचे लाड कशाला? आपण तिला ऐतखाऊ म्हणतो खरं, पण तिने परतीचे दोर केव्हाच कापलेत.

आणि म्हणूनच ती आपल्याबरोबर बदलत आली. आपण आणि चिंपांझी वेगळे झालो त्याच सुमाराला, साधारण साठ लाख वर्षांपूर्वी, दोघांच्या उवाही वेगळ्या झाल्या. जांघेतल्या उवेचं सख्खं नातं मात्र गोरिलाच्या उवेशी, आणि ही ताटातूट तेहतीस लाख वर्षांपूर्वीची. ती आपल्याकडे आली कशी? गोरिलांच्या रिकाम्या बिछान्यात आपले पूर्वज झोपले असतील, असं शास्त्रज्ञ फार सभ्यपणे सुचवतात. तिसरी, कपड्यांच्या शिवणीत अंडी घालणारी अंगावरची ऊ डोक्यातल्या उवेपासूनच निघाली. पण त्यासाठी आधी माणसाच्या अंगावर कपडे हवेत. तिच्या डीएनएवरून २०११ मध्ये अंदाज बांधला गेला, की माणूस कपडे घालू लागला ते सुमारे एक लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी. इतकं जुनं कापड मिळणार कुठे? उवेने ते सांगितलं. टायफसचा ताप पसरवते ती हीच. डोक्यातली बिचारी खाज आणि लाज यापलीकडे सहसा काही देत नाही.

एकाच दारात जन्म काढण्यात धोकाही असतोच. कॅलिफोर्नियाची उरलीसुरली कॉन्डोर गिधाडं १९८७ पर्यंत पकडून पिंजऱ्यात आणली आणि त्यांची औषधाने साफसफाई केली. पक्षी वाचला, पण केवळ त्याच्यावरच नोंदलेली एक ऊ नामशेष झाली. तिच्यासाठी कुणी पिंजरा बांधला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही वर्गणी दिली नसती.

आपल्या उवेला ती भीती नाही. डोकी आहेत आठशे कोटी. शिवाय विष पचवायची जनुकं गमावलेल्या या किड्याने मज्जातंतूतच असा बदल करून घेतलाय, की दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या औषधांना तो कित्येक देशांत आता दादच देत नाही.