ताटाची डावी बाजू

२९ ऑक्टोबर

आज जागतिक पक्षाघात दिन. योगायोगाने आजच आत्या आणि तिचे यजमान दादाला भेटायला आले होते. दादाने स्वतः दार उघडले, वाकून नमस्कार केला, आत्याच्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि यंदाच्या ऊसदराबद्दल तिच्या यजमानांशी नेमके बोलला. निघताना आत्या वहिनीला म्हणाली, "देवाची कृपा म्हणायची, पोरगा अगदी पूर्वीसारखा झाला." वहिनी काही बोलली नाही. तिला जे सांगता आले असते, ते मी येथे लिहून ठेवते आहे.

२०१९ च्या जानेवारीत, वयाच्या ४७ व्या वर्षी, दादाच्या मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला रक्त पुरवणारी मोठी धमनी गुठळीने बंद पडली आणि त्याला पक्षाघात झाला. दुसऱ्या दिवशी मेंदूला सूज येऊ लागली. कवटी ही बंद पेटी असल्यामुळे सुजलेल्या मेंदूला पसरायला जागा मिळत नाही आणि सगळा दाब श्वास चालवणाऱ्या भागावर येतो. म्हणून त्याच रात्री शस्त्रक्रिया करून उजव्या बाजूचे तळहाताएवढे हाड काढण्यात आले आणि ते पोटाच्या कातडीखाली जपून ठेवले गेले. काही महिन्यांनी ते परत जागेवर बसवले. मेलेला भाग या शस्त्रक्रियेने परत येत नाही, उरलेला वाचतो, हे सर्जननी सही घेण्याआधीच स्पष्ट सांगितले होते. युरोपातील तीन चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, ते मी नंतर वाचले. साठीच्या आतील रुग्णांवर ४८ तासांच्या आत ही शस्त्रक्रिया झाली, तर वर्षानंतर १०० पैकी ७८ जण जिवंत होते. शस्त्रक्रियेविना केवळ २९. दादा त्या ७८ मधला आहे, याबद्दलची कृतज्ञता माझ्या मनातून कधीही जाणार नाही.

मात्र त्याच चाचण्यांत वाचलेला माणूस कितपत सावरला हे ज्या रँकिन मापनीने मोजले गेले, तिचा सगळा भर माणूस चालतो का, स्वतःचे आवरतो का, दुसऱ्याच्या मदतीवाचून राहू शकतो का, यावर आहे. त्याचे लक्ष कोठे जाते, एखादे काम आपण होऊन सुरू करता येते का, समोरच्याचा राग आवाजावरून ओळखता येतो का, हे ती विचारत नाही. दादा वर्षभरात काठी घेऊन चालू लागला आणि मापनीच्या दृष्टीने प्रश्न बव्हंशी सुटला. त्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरही हातापायांच्या दुर्बलतेचेच टक्के आहेत.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वहिनीच्या ध्यानात आले की तो चटणी, कोशिंबीर, लोणचे यांना हातही लावत नाही. हा माणूस जन्मभर चटणीवाचून न जेवणारा. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ताटात डावीकडे वाढतात आणि भाजी, आमटी उजवीकडे. उजवीकडची भाजी तो बोटाने पुसून खायचा आणि आणखी मागायचा. भाताच्या मुदीचाही उजवा अर्धाच भाग संपलेला असायचा. एकदा वहिनीने काही न बोलता ताट अर्धे फिरवले, तेव्हा "चटणी आत्ता वाढलीस होय?" असे म्हणून त्याने ती चाटूनपुसून खाल्ली. त्याच्या डोळ्यांत दोष नव्हता, जीभ शाबूत होती. डावीकडचे भान मेंदूचा उजवा भाग ठेवतो, आणि तोच जखमी झाल्यामुळे डावीकडे काही असू शकते ही जाणीवच पुसली गेली होती, आणि जे नाहीच त्याची उणीव त्याला कशी भासणार? म्हणून समजावून, आठवण करून देऊन फारसा उपयोग होत नसे.

दादा साखर कारखान्याच्या हिशेब विभागात होता. ४८,५०० हा आकडा तो ८,५०० असा वाचू लागला आणि बेरीज चुकली की छपाईला दोष देऊ लागला. वर्तमानपत्रात 'महानगरपालिका' दिसली की तो 'पालिका' वाचायचा आणि वाक्याचा अर्थ लागेना की बातमी वाईट लिहिली आहे असे शांतपणे सांगायचा. बोलणे मात्र अस्खलित होते, कारण बहुतेक माणसांत भाषेचे केंद्र मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते आणि ते त्याचे वाचले होते. भेटायला येणाऱ्यांची समजूत तेथेच होते: जो नीट बोलतो, त्याचे डोके शाबूत आहे असे सगळे गृहीत धरतात.

हे दुर्लक्ष केवळ नजरेचे नसते, हे मला रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंनी दाखवले. १९७८ मध्ये बिसियाक आणि लुझात्ती या दोघा इटालियन संशोधकांनी अशा दोन रुग्णांना मिलान शहरातील कॅथीड्रलसमोरचा चौक मनात आणून त्याचे वर्णन करायला सांगितले होते. कॅथीड्रलकडे तोंड केल्याची कल्पना केली की रुग्ण उजवीकडच्या इमारती सांगत आणि डावीकडच्या गाळत. मग कॅथीड्रलच्या पायऱ्यांवरून चौकाकडे पाहत आहोत असे मानले की मघाशी गाळलेल्याच इमारती धडाधड सांगत. थेरपिस्टबाईंनी दादाला आमची वाईची आळी विचारली, जिथे आम्ही लहानाचे मोठे झालो. देवळाकडे तोंड करून त्याने शिंप्याचे दुकान, पिठाची गिरणी आणि शेवटचा वाडा सांगितला. देवळाकडे पाठ करायला सांगताच गिरणी नाहीशी झाली आणि आमचे स्वतःचे घर आले. घर त्याच्या आठवणीत पूर्ण होते. तेथवर त्याचे लक्ष पोहोचत नव्हते, एवढेच. त्या दिवशी मला फार मोठा धीर आला.

मग सराव सुरू झाला. वहिनी वहीच्या डाव्या समासावर जाड लाल रेघ ओढते आणि ती रेघ दिसल्याशिवाय ओळ वाचायची नाही, असा नियम आहे. रकमेचा प्रत्येक आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचायचा. हाड परत बसवल्यावर त्याच्या चेहऱ्यावरची मरगळ थोडी कमी झाली. असा अनुभव काही रुग्णांत येतो, याची वैद्यकात नोंद आहे. त्याचा आवाज मात्र अजून सपाट आहे. आनंदाची बातमी आणि दूधवाल्याचा निरोप तो एकाच सुरात सांगतो, आणि पुतणीला ते अजूनही लागते. सांगितले तर सगळे करतो, आपण होऊन काही सुरू करत नाही. नातेवाईक याला आळस म्हणतात तेव्हा मला संताप येतो, कारण काम सुरू करण्याची प्रेरणा हेही मेंदूचेच कार्य आहे आणि तेही त्या जानेवारीत जखमी झाले.

पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल, पुढे फारशी आशा ठेवू नका, असे आम्हाला अनेकांनी सांगितले. सुधारणेचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो हे खरे आहे. पण दादाने डाव्या बाजूच्या वाटीकडे आपण होऊन हात नेला, तो तिसऱ्या वर्षी, आणि आपल्याकडून डावीकडचे सुटते हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा आले, ते त्याच्याही नंतर. मेंदू दुरुस्त झाला की दादाने सवयीने वळसा घालायला शिकून घेतले, हा तज्ज्ञांच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असेल. माझ्या मते ते स्वतःहून म्हणणे त्याच्या चालण्यापेक्षाही मोठे आहे, कारण त्यानंतरच सरावाची जबाबदारी त्याने आमच्याकडून स्वतःकडे घेतली.

सध्या घरखर्चाची वही तोच लिहितो. वहिनी महिन्याअखेरीला ताळा पाहते आणि तो बहुतेक वेळा जुळतो. आता प्रश्न रस्ता ओलांडण्याचा आहे. आपल्याकडे वाहने आधी उजवीकडून येतात आणि ती त्याला दिसतात. रस्त्याचा मध्य ओलांडला की ती डावीकडून येऊ लागतात. म्हणून अर्ध्यावर थांबून हनुवटी खांद्यापर्यंत डावीकडे वळवण्याचा सराव आम्ही सोसायटीच्या आवारात करतो आहोत. तो पक्का होईपर्यंत दादा एकटा बाजारात जाणार नाही असे ठरले आहे, आणि हे सुचवले त्यानेच.