तुम्ही विचारलंत म्हणून: दाखल्यांवर एवढं का लिहिता?

"नागरिकत्वावर लिहिता ना, मग सारखे जातीच्या दाखल्यांवर काय घसरता?" व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच. सुरात थोडी कीवही असते. माणूस घटनेपासून निघाला आणि तहसील कचेरीत अडकला!

तर ऐका. घटनेची ५ ते ९ ही नागरिकत्वाची कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली. १८७१ पासूनचा गुन्हेगार जमातींचा कायदा देशपातळीवर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. मधल्या काळात कित्येक माणसं नागरिकही होती आणि कायद्याने जन्मजात गुन्हेगारही. हे मी पूर्वी मोठ्या ऐटीत मांडायचो.

मग एका सभेनंतर एक बाई थांबल्या. भटक्या जमातीतल्या. प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड, आधार, मतदार ओळखपत्र निघालं. मत द्यायला एवढं पुरतं. मुलीच्या जातीच्या दाखल्याला मात्र २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. आजोबा पालावर जन्मले, पालावरच गेले. शाळा नाही, जमीन नाही. सातबारा कुठून आणणार? म्हणून बाईंनी अर्जाला माझ्या लेखाचं कात्रण जोडलं होतं. त्यावर निळ्या शाईत शेरा: 'पुरावा नाही.'

"साहेब, तुम्हीच लिहिलंय ना हे? मग यावर सही द्या, म्हणजे चालेल."

मी सही केली. ती चालणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तरी केली.

शेरा मारणाऱ्याला दोष देत नाही. लेख हा पुरावा नसतोच. तेव्हाचा मी म्हणेल, लेखकानं धोरणावर बोलावं, एकेका अर्जात गुंतू नये. ते काम कार्यकर्ते तुझ्याहून बरं करतात. खोडून काढता येत नाही मला ते. अट सैल केली तर खोटे दाखले वाढतील, हेही पोकळ नाही. त्यात जागा याच जमातींच्या जातात.

पण आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला १९ लाखांवर माणसं नागरिकांच्या नोंदणीच्या (एनआरसी) यादीबाहेर राहिली, तेव्हा तुम्हीच विचारलंत, हे अचानक कुठून आलं? तिथली तारीख २४ मार्च १९७१. तिथे नागरिकत्व पणाला, इथे सवलत. फरक मोठा आहे, मान्य. मागणी मात्र तीच: तुमचे आजोबा तेव्हा कुठे होते, ते कागदावर दाखवा.