डावा की उजवा : आमची वाटचाल

आमच्या ऑफिसात गणपतीच्या फोटोखाली प्लास्टिकचा एक पाय ठेवलेला आहे. नुसत्या हाडांचा, घोट्यापासून खालचा. २०१२ साली नागपुरात मेडिकल चौकाजवळ एका जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतला, तेव्हाच त्याची करंगळी गायब होती. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिले दोन दिवस त्याला कॉम्प्युटर मिळत नाही, हा पाय मिळतो. हाडं मोजायची. माणसाच्या पावलात हाडं २६, पण आमच्या पायाची मोजणी २३ वर थांबते, कारण करंगळीची तीन गेलेली. जो २६ सांगतो त्याने मोजलेलं नाही, पुस्तक पाठ केलंय, एवढं तिथल्या तिथे कळतं.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. धंतोलीत एका हाडांच्या दवाखान्यात चार वर्षं काढली. माझी भागीदार फार्मसीची. आम्ही दोघींनी मेडिकल कोडिंग शिकून परीक्षा दिली आणि हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीकडून उपकंत्राटाने काम आणलं. काम असं की अमेरिकेतल्या डॉक्टरने पेशंटला काय झालं ते लिहायचं, आपण ते वाचून त्याला ठरलेला कोड लावायचा, आणि त्या कोडवर तिथली विमा कंपनी पैसे द्यायची. नागपुरात हे सांगून कोणाला पटत नसे. सासरे पाहुण्यांना अजून सांगतात, "सून सॉफ्टवेअरमध्ये आहे." मीही सोडून दिलं.

त्या वेळी अमेरिकेत आयसीडी-९ ही आजारांच्या कोडांची यादी चालू होती आणि कोडरचं आयुष्य सुखाचं होतं. पाऊल निखळलं तर ८३८. कातडी फाटली नसेल तर ८३८.०, फाटली असेल तर ८३८.१, आणि पुढचा आकडा सांध्याचा. पावलाची मधली हाडं आणि बोटांकडे जाणारी लांब हाडं जिथे भेटतात तो टार्सोमेटाटार्सल सांधा निखळला, तर ८३८.०३. संपलं. पाय डावा की उजवा, हे त्या कोडला कळायचंच नाही.

आयसीडी-१० येणार म्हणून सगळे सांगून राहिले होते. आधी तारीख होती १ ऑक्टोबर २०१३, ती सरकून २०१४ झाली. आम्ही कर्ज काढून सहा जणांना वर्षभर तयार केलं. तर १ एप्रिल २०१४ ला अमेरिकेत कायद्यावर सही झाली आणि तारीख आणखी किमान वर्षभर पुढे गेली. बातमी वाचून भागीदार म्हणाली, "एप्रिल फूल करून राहिले का बे हे लोक?" सहापैकी चौघं त्या वर्षात हैदराबाद-पुण्याला निघून गेली. शिकवलं आम्ही, पगार दिला दुसऱ्याने. त्या उन्हाळ्यात ऑफिसात एसी नव्हता. कूलरच्या ओलाव्याने दोन कॉम्प्युटर गेले ते वेगळंच.

शेवटी १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आयसीडी-१० ची अमेरिकेतली आवृत्ती, लागू झालं. निदानाचे कोड सुमारे १४ हजारांवरून ६८ हजारांच्या वर गेले. पावलाचं निखळणं एस९३.३ मध्ये आलं. पूर्ण निखळलं की अर्धवट, कोणता सांधा, डावा की उजवा, हे सगळं त्या आकड्यांत बसवायचं. टार्सोमेटाटार्सल सांधा अर्धवट सरकला असेल तर उजव्याला एस९३.३२१, डाव्याला ३२२. पूर्ण निखळला असेल तर उजव्याला ३२४, डाव्याला ३२५. वर सातवं अक्षर. ए म्हणजे उपचार चालू, डी म्हणजे भरून येण्याचा काळ, एस म्हणजे मागे राहिलेला दोष. ए म्हणजे पहिली भेट, असं बरेच जण धरून चालतात, ते चूक आहे. दुसऱ्या महिन्यात ऑपरेशन झालं तरी तो उपचारच, म्हणून ए.

आता आमची चूक सांगते. मेडिकेअर या अमेरिकेतल्या सरकारी विम्याने पहिल्या एका वर्षासाठी सवलत दिली होती. डॉक्टरांच्या बिलात कोड वैध आणि योग्य कुळातला असेल, तर केवळ तो पुरेसा नेमका नाही म्हणून दावा नाकारणार नाही. अशा सवलतीत माणूस जे करतो तेच आम्ही केलं. आमच्याकडे एस९३.३०६ए सर्रास पडायला लागला. म्हणजे पाऊल निखळलं. कुठलं माहीत नाही, कोणता सांधा माहीत नाही. चार्ट, म्हणजे पेशंटचे कागद, पटापट निघत होते, आणि आम्हाला पैसे चार्टमागे. पोरं खुश, मीही खुश. १ ऑक्टोबर २०१६ ला सवलत संपली आणि दिवाळीच्या सुमारास ढीगच्या ढीग परत यायला लागला. आमचं निम्म्याहून जास्त काम ज्या एका क्लायंटकडून यायचं, त्याने जानेवारीत करार थांबवला. त्याच्यावर राग नाही. मी त्याच्या जागी असते तर डिसेंबरातच थांबवला असता.

परत आलेले चार्ट मी स्वतः बसून वाचले. कित्येकांत डावा-उजवा लिहिलेलाच होता, दुसऱ्या पानावर. आमची पोरं पहिल्या पानावर थांबली होती. पण काही चार्टांनी माझी झोप उडवली. एकात डॉक्टरचं निदान होतं, "फूट डिसलोकेशन, सांधा बसवला." आणि एक्स-रेच्या अहवालात पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडाच्या मुळाशी फट वाढलेली, शेजारी हाडाचा बारीक कपचा. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की ही लिसफ्रांकची, म्हणजे त्याच टार्सोमेटाटार्सल सांध्याची, दुखापत आहे. नेपोलियनच्या सैन्यातल्या फ्रेंच सर्जनचं नाव या सांध्याला मिळालंय. पण मला दिसलं म्हणून मी ३२४ लावू शकत नाही. कोडरने निदान करायचं नसतं. आमच्या धंद्यात म्हणतात, "नॉट डॉक्युमेंटेड, नॉट डन." मग करायचं काय, तर डॉक्टरला क्वेरी पाठवायची, तीही त्याच्या तोंडात उत्तर न घालता. तुम्ही पाहिलेल्या फटीवरून कोणता सांधा, कोणत्या बाजूचा, हे कृपया स्पष्ट करा, इतकंच.

क्वेरी पाठवायची सोय आम्हाला पहिल्या दिवसापासून होती. वर्षभरात किती पाठवल्या ते पाहिलं, तर अकरा! एका मुलीला विचारलं, काऊन नाही पाठवली गं? ती म्हणाली, "ताई, डॉक्टरला कसं विचारायचं?"

तिचं काय चुकलं? आपल्याकडे डॉक्टरला दुसऱ्यांदा विचारणारा पेशंट आगाऊ ठरतो. मी स्वतः चार वर्षं धंतोलीत साहेबांच्या मागे मान हलवत फिरले होते. समोरचा डॉक्टर सात समुद्रांपार असला, तरी आमची पोरं त्याच्यापुढे उभीच होती.

तेव्हापासून नियम केला की एस९३.३०ने सुरू होणारा कोणताही कोड माझ्या किंवा भागीदाराच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही, आणि क्वेरी टाळली म्हणून बोलणी बसतील, पाठवली म्हणून कधीच नाही. वेग पडला. दोन महिने पगार माझ्या सोन्यावर झाले. वर्षभराने दुसऱ्या क्लायंटने हाडांचंच काम दिलं, आणि तेव्हापासून आम्ही हाडांपलीकडे गेलो नाही. अधूनमधून कोणी सुचवतं, हृदयाचं घ्या, पैसा जास्त आहे. असेल.

हाडांतही गंमत कमी नाही. त्याच सांध्यात हाड मोडून तो निखळला असेल, तर कोडांची निर्देशसूचीच सांगते की फ्रॅक्चरकडे जा. निखळण्याचा वेगळा कोड नाही. जखम उघडी असेल तर एस९१ सोबत जोडायचा, कारण जुन्यासारखा उघडा-बंद फरक एस९३ मध्ये उरला नाही. आणि डायबेटीसच्या पेशंटचं पाऊल मार न लागता ढासळलं असेल, तर ती दुखापतच नव्हे. तिथे डॉक्टरने शार्को, म्हणजे डायबेटीसने नसा खराब होऊन सांधे ढासळणं, लिहिलंय का ते पाहायचं आणि ई११.६१० कडे वळायचं. एक्स-रे वरवर सारखा दिसतो, म्हणून नवीन पोरं हमखास इथे पडतात.

लॉकडाऊनमध्ये घरून काम शिकलो, ते २३ सप्टेंबर २०२३ ला कामी आलं. अंबाझरी तलाव ओसंडला त्या पहाटे आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. प्लास्टिकचा पाय तरंगत दारापर्यंत आला होता. हाडं तीच, २३.

आज आम्ही चौदा जण आहोत. दोन वर्षांपासून इथल्या काही छोट्या दवाखान्यांच्या कॅशलेस दाव्यांचे कागदही पाहतो. पैसा फार नाही, पण चहा पिऊन भांडता येतं.

मागच्या पावसाळ्यात आई ओट्याच्या पायरीवरून घसरली. उजवं पाऊल सुजलं. एक्स-रे निघाला, मुरगळलंय म्हणून सांगितलं, गरम पट्टी बांधून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी पाय पुसताना तळव्याच्या मध्यभागी निळा डाग दिसला. लिसफ्रांकमध्ये तळव्याला असा डाग येतो, आणि झोपून काढलेल्या एक्स-रेत ही दुखापत सुटू शकते, हे शेकडो चार्टांत वाचलेलं. परत गेले. हात जोडून म्हटलं, "सर, दोन्ही पायांवर उभं करून एक एक्स-रे काढता का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग काढला. उजव्या पावलात फट होती. स्क्रू टाकावे लागले.

डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेसच्या खिडकीतला मुलगा मला ओळखून म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगा ना, कोड काय टाकू?"

त्याच्यासमोरच्या पोर्टलच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेचा साधा आयसीडी-१० होता. टार्सोमेटाटार्सल सांध्याला त्यात एकच घर आहे. एस९३.३, पावलाचे इतर आणि अनिर्दिष्ट भाग निखळणे.

"उजवा कुठे टाकायचा?" मी विचारलं.

"तशी जागाच नाही ना ताई," तो म्हणाला, आणि एंटर दाबलं.